माशी घासण्याआधी: ठासणीची रायफल खाली का मारते

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. ०.५० कॅलिबरची (नळीचं भोक अर्धा इंच), टोपीवर चालणारी (घोडा आपटून फुटणाऱ्या छोट्या टोपीने दारू पेटवणारी), जुन्या धाटणीची ठासणीची रायफल, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायची, तुम्ही नवीन घेतली आहे. ५० मीटरवर गोळ्या साधारण १५ सेंटिमीटर खाली आणि ५-६ सेंटिमीटर डावीकडे बसतात. ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांचा कागदावरचा पसारा, कधी १० सेंटिमीटरचा, तर कधी २० चा. दारूचं माप दोनदा वाढवून पाहिलंत, फरक पडल्यासारखा वाटला पण खात्री नाही. नेमबाजी सकाळी करता, तेव्हा ऊन उजव्या हाताला असतं. वय ५२, पुढची माशी (नळीच्या टोकाशी उभी असलेली, नेम धरायची पट्टी) धूसर दिसते. आता माशी कानशीने घासावी, दारू अजून वाढवावी, की मागची खाच (जिच्यातून माशी बघून नेम धरतात) काढून पीप साइट, म्हणजे बारीक छिद्राची मागची साइट, बसवावी?

माझं उत्तर: आज यातलं काहीच करू नका. तुमची रायफल नेमकी कुठे मारते हे अजून तुम्हाला ठाऊक नाही, आणि जे ठाऊक नाही ते कानशीने दुरुस्त करता येत नाही. माशी घासायची वेळ कदाचित येईलही. जुन्या धाटणीच्या बऱ्याच रायफलींना बनवणारे माशी मुद्दाम उंच ठेवतात, म्हणजे मालकाने आपल्या दारूला, आपल्या गोळीला आणि आपल्या डोळ्याला जुळेल इतकी ती घासून घ्यावी. पण हे काम शेवटचं आहे. घासलेला धातू परत चिकटत नाही.

आधी दारूचा मुद्दा निकालात काढू, कारण त्यात धोका आहे. बार, म्हणजे एका वेळची दारू, जड भरला की गोळी वर जाईल ही समजूत फार पसरलेली आहे. साधा हिशेब करून बघा. ५० मीटरच्या अंतरात गोळीचा सरासरी वेग सेकंदाला ४०० मीटर धरला, तर तिला पोचायला सेकंदाचा आठवा भाग लागतो आणि तेवढ्यात ती नळीच्या रेषेपासून साधारण पावणेआठ सेंटिमीटर खाली येते. वेग १० टक्क्यांनी वाढला तर ती सव्वासहा सेंटिमीटरच्या आसपास खाली येईल. म्हणजे एवढी दारू वाढवून कमाई किती, तर सव्वा ते दीड सेंटिमीटर. तुमच्या पंधरापुढे हे काहीच नाही. प्रत्यक्षात नळीची थरथर आणि खांद्यावरचा धक्का यांमुळे गोळी या हिशेबापेक्षा जास्तही सरकते, कधी उलट्या दिशेलाही सरकते, त्यामुळे दारूच्या मापावर उंची ठरवणं म्हणजे अंधारात चाचपडणं आहे. माप निवडायचं ते ग्रुप लहान व्हावा म्हणून. तेही रायफल बनवणाऱ्याने दिलेल्या तक्त्याच्या आत, खालच्या मापापासून सुरुवात करून. ठासणीच्या बंदुकीत फक्त काळी दारू किंवा तिच्यासाठीच बनवलेला पर्याय. आधुनिक बिनधुराची दारू चिमूटभरही नको, तिच्या दाबाने नळी फुटते. आणि बार स्वतः भरण्याची मुभा तुमच्या परवान्यात आहे ना, हे एकदा कागद काढून वाचा. हे नियम देशागणिक वेगळे आहेत.

आता ग्रुपकडे येतो, कारण खरं दुखणं तिथे आहे. तीन गोळ्यांचा ग्रुप २० सेंटिमीटरचा असेल, तर त्याचा मध्य पुढच्या तीन गोळ्यांना चार-पाच सेंटिमीटर सहज सरकतो, रायफलीला हातही न लावता. तुम्हाला दारू वाढवल्यावर ‘फरक पडल्यासारखा’ वाटला तो बहुधा हाच. म्हणून मी कोणतीही साइट हलवण्याआधी निदान दहा गोळ्यांचा ग्रुप घेतो. दहांचा मध्य हा एकट्या गोळीच्या मानाने तिपटीहून जास्त भरवशाचा असतो. आणि ग्रुप ७-८ सेंटिमीटरच्या आत आल्याशिवाय व्हर्नियर (मिलिमीटरचे अंश मोजायचं साधन) बाहेर काढत नाही.

ग्रुप लहान होतो तो एकसारख्या भरण्याने. काळी दारू जळली की तिचा अर्ध्याहून थोडा जास्त भाग घन राखेच्या रूपात उरतो, आणि त्यातला काही नळीत चिकटून राहतो. ही राख हवेतला ओलावा शोषते. पहिली गोळी स्वच्छ नळीतून जाते, दुसरी पातळ थरावरून, पाचवी चिकट चिखलातून. म्हणजे पाच गोळ्या पाच वेगवेगळ्या नळ्यांतून मारल्यासारखंच झालं. मी प्रत्येक बारानंतर एक ओलसर पॅच (पुसायच्या कापडाचा तुकडा) एकदा खाली-वर आणि मग एक कोरडा पॅच एकदा खाली-वर फिरवतो. दरवेळी तेवढंच. एखाद्या बाराला दोनदा पुसलं आणि पुढच्याला आळस केला, की कागदावर ते दिसतं.

माप नेहमी वेगळ्या मापट्याने घ्या, दारूच्या बुधलीतून थेट नळीत कधीच ओतू नका. नळीत एखादी ठिणगी धुमसत राहिली असेल, तर मापट्यातली दारू भडकेल आणि हात भाजेल. बुधली जोडलेली असेल तर हातात बाँब असेल. गोळी ठासताना ती दारूवर नीट टेकली पाहिजे, मध्ये पोकळी राहता कामा नये. पोकळी राहिली तर नळी फुगते, फुटतेही. यासाठी गजावर (गोळी ठासायच्या काठीवर) दोन खुणा करा: नळी रिकामी असताना गज जिथवर जातो तिथे एक, आणि ठरलेला बार नीट भरल्यावर जिथवर राहतो तिथे दुसरी. दुसरी खूण तोंडाशी आली की हाताला सारखाच दाब द्यायचा आणि थांबायचं. काही जण गज आपटत राहतात. त्याने मऊ शिशाची गोळी चपटी होते आणि दारूचे दाणे चुरडतात. पहिल्या खुणेचा उपयोग पुढे कानस लावताना आहे, तेव्हा सांगतो.

पुढच्या वेळी एक गोष्ट नक्की करा: रायफलीच्या तोंडापुढे काही पावलांवर पडलेले तुमचे पॅच, म्हणजे गोळीभोवती गुंडाळून ठासलेले कापडाचे तुकडे, गोळा करा. अर्थात रेंजवर गोळीबार थांबल्याची खूण झाल्यावरच. मी इतक्या वर्षांनंतरही हे करतो, कारण पॅच खोटं बोलत नाही. चांगला पॅच उघडला की मधोमध काळसर गोल डाग दिसतो, भोवती आट्यांच्या (नळीच्या आतल्या पिळदार खाचांच्या) रेघा सूर्यकिरणांसारख्या सारख्या अंतरावर उमटलेल्या असतात, आणि कडा थोड्या विसविसलेल्या. मधला भाग जळून भोक पडलं असेल तर कापड पातळ आहे, वंगण कमी आहे किंवा गोळी ढिली आहे. रेघांवर ब्लेडने कापल्यासारखे चिरे असतील, तर नव्या नळीच्या तोंडाशी आट्यांच्या कडा अजून धारदार आहेत. नव्या रायफलीत हे हमखास आढळतं, शे-दोनशे बार झाले की बहुतेकदा कमी होतं. ०.५० च्या नळीला ०.४९० इंचाची गोळी आणि ०.०१५ इंचाच्या आसपास जाडीचा सुती पॅच ही नेहमीची सुरुवात आहे. पण काही नळ्यांना ०.०१८ आवडतं, काहींना ०.०१०. तुमची नळी कुठली, हे पॅचच सांगेल.

गोळ्या स्वतः ओतत असाल तर तराजूवर घाला. ०.४९० ची शुद्ध शिशाची गोळी १७७ ग्रेनच्या (सुमारे साडेअकरा ग्रॅमच्या) जवळ भरते. आपल्या ढिगापेक्षा दोन-तीन ग्रेन हलकी निघाली, तर तिच्या पोटात हवेची पोकळी आहे, ती परत वितळवायला टाका. साच्यातल्या भोकाचा चपटा ठसा ठासताना नेहमी वरच्या बाजूला, बरोबर मध्यावर.

आता डोळा आणि उजेड. माझ्या मते तुमच्या तक्रारीतला मोठा हिस्सा इथेच आहे.

डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो. मागची खाच, माशी आणि लक्ष्य या तिघांपैकी माशी स्पष्ट हवी. लक्ष्य जरा धूसर चालेल, खाच तर धूसर असणारच. कारण साधं आहे. खाच आणि माशीमधलं अंतर ७०० मिलिमीटर धरा. माशी खाचेत फक्त ०.२ मिलिमीटर बाजूला राहिली, तर ५० मीटरवर गोळी १४ मिलिमीटर सरकते. उलट माशी खाचेत बरोबर मध्यावर ठेवून अख्खी रायफल ०.२ मिलिमीटर बाजूला गेली, तर गोळीही ०.२ मिलिमीटरच जाते. म्हणून माशी धूसर असेल तर एकसारखी शिस्त धरताच येत नाही, आणि तुमचे २० सेंटिमीटर त्यातूनही आलेले असू शकतात.

चाळिशीनंतर डोळ्याचं भिंग ताठ होतं, जवळचं धरवत नाही. वाचायचा चष्मा लावून नेम धरू नका, त्यात लक्ष्य पार विरघळून जातं. लांब नळीच्या रायफलीची माशी डोळ्यापासून साधारण एक मीटरवर असते. दूरच्या नंबरात +०.५० ची भर घातली तर सैल डोळा दोन मीटरवर स्थिरावतो, आणि माशी व लक्ष्य दोन्ही कामापुरती दिसतात. काहींना +०.७५ लागतं. बंदूक दवाखान्यात न्यायची नसते, तेव्हा घरी रिकाम्या रायफलीवर गाल टेकवून डोळा ते माशी हे अंतर कोणाकडून तरी फितीने मोजून घ्या आणि तो आकडा डॉक्टरांना सांगा. मला हे वयाच्या ४८ व्या वर्षी कळलं. त्याआधीची दोन वर्षं मी नळीला दोष देत होतो.

मग उजेड. तुमची माशी पितळी किंवा पांढऱ्या धातूची, चकचकीत असेल. सकाळचं ऊन उजवीकडून पडलं की माशीची उजवी बाजू झळकते आणि डावी सावलीत बुडते. डोळ्याला झळकणारी बाजू म्हणजेच अख्खी माशी वाटते. तिला खाचेच्या मध्यावर आणलं की खरी माशी डावीकडे गेलेली असते, आणि गोळी डावीकडे जाते. गोळी उजेडापासून दूर पळते हे जुन्या नेमबाजांचं निरीक्षण आहे, आणि तुमचे ५-६ सेंटिमीटर त्याच दिशेला आहेत. सगळे त्यातूनच आले असतील असं नाही. रायफल डावीकडे कलती धरली तरी गोळी डावीकडे आणि थोडी खाली जाते. पण उजेडाची परीक्षा फुकट आहे, ती आधी करा. माशीला काजळी धरा. कापराच्या ज्योतीची काजळी सर्वांत दाट आणि बिनचमकीची बसते. मेणबत्तीचीही चालते. हे काम दारूच्या डब्यापासून दूर, रिकाम्या रायफलीवर, रेंजच्या टेबलावर दारू यायच्या आधी. मग तोच बार, तीच जागा, दहा गोळ्या. शक्य असेल तर एकदा ऊन डावीकडे असताना, संध्याकाळीही मारून बघा. ग्रुप बाजू बदलत असेल तर मागच्या खाचेला हात लावायचं कारणच उरलं नाही.

हे सगळं करताना रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवा, पण नळी नाही, पुढचं लाकूड टेकवा, आणि दरवेळी त्याच जागी. नळी टेकली तर गोळी टेकूपासून दूर उडते. आणि चाप दाबल्यावर डोळा माशीवर तसाच राहू द्या. ठासणीत घोडा पडणं, टोपी फुटणं, दारू पेटणं आणि गोळी तोंडाबाहेर पडणं याला आधुनिक रायफलीपेक्षा जास्त वेळ लागतो. धुराकडे बघायची घाई त्या वेळात झाली की गोळी भरकटते. टोपी फुटली पण बार उडाला नाही, तर रायफल लक्ष्याकडे रोखलेलीच ठेवून निदान एक-दोन मिनिटं थांबा. बार उशिरा उडू शकतो.

इथवर आलात आणि ग्रुप ६-७ सेंटिमीटरचा झाला, तरी कानशीआधी एक प्रश्न उरतो, आणि तुमच्या लिहिण्यात त्याचं उत्तर नाही. १५ सेंटिमीटर खाली म्हणजे कुठून खाली? लक्ष्याच्या मध्यापासून, की तुम्ही जिथे नेम धरला तिथून? बरेच जण काळ्या गोलाच्या तळाशी माशी टेकवतात, कारण काळ्यावर काळी माशी दिसत नाही. आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या ५० मीटर पिस्तूल कागदाचा काळा गोल २०० मिलिमीटरचा असतो. त्याच्या तळाशी नेम धरून तुम्ही मध्यापासून १५ सेंटिमीटर मोजले असतील, तर गोळी नेमापासून फक्त ५ सेंटिमीटर खाली आहे. मग दोन वाटा आहेत. यापुढे मध्यावर नेम धरणार असाल, तर दुरुस्ती ५ सेंटिमीटरची. तळाशी नेम धरून गोळी मध्यावर हवी असेल, तर दुरुस्ती १५ ची. एकाच रायफलीसाठी हे तिप्पट अंतर आहे, आणि ते फक्त तुमच्या सवयीवर ठरतं. माझ्या पहिल्या रायफलीची माशी मी हे न ठरवताच घासली, महिन्याभराने नेम धरायची जागा बदलली, आणि नवी पट्टी बसवावी लागली. आधी ठरवा, वहीत लिहा, मग बदलू नका.

आता हिशेब. गोळी जितकी हलवायची ते अंतर गुणिले दोन्ही साइटमधलं अंतर, भागिले लक्ष्याचं अंतर, सगळं मिलिमीटरमध्ये. साइटमधलं अंतर ७०० धरलं तर १५ सेंटिमीटरसाठी १५० गुणिले ७०० भागिले ५०,००० म्हणजे २.१ मिलिमीटर. ५ सेंटिमीटरसाठी ०.७ मिलिमीटर. तुमच्या रायफलीवर फितीने मोजून तुमचा आकडा घाला. दिशा लक्षात ठेवा: मागची साइट गोळी जिकडे न्यायची तिकडे सरकवायची, पुढची उलट. गोळी वर न्यायची म्हणून माशी खाली, म्हणजे घासायची. गोळी उजवीकडे न्यायची असेल आणि काजळीनंतरही डावीकडचे ६ सेंटिमीटर टिकून असतील, तर मागची साइट ०.८४ मिलिमीटर उजवीकडे, पितळी सुंभ्याने हलके ठोके देऊन. आधी साइट आणि नळी दोन्हींवर बारीक सुईने एक सरळ रेघ ओढा, म्हणजे किती सरकली ते दिसेल.

घासण्याच्या दिवशी आधी गज नळीत सोडा. तो पहिल्या, रिकाम्या खुणेपर्यंत गेला तरच पुढे जा. निपलवर (टोपी बसते त्या नळकांडीवर) टोपी नाही हेही बघा. नळीच्या तोंडावर कागदी पट्टी चिकटवा, नाहीतर धातूचा कीस आत जातो. व्हर्नियरच्या मागच्या बारीक दांडीने नळीच्या पाठीपासून माशीच्या टोकापर्यंतची उंची मोजून लिहा. बारीक दातांची सपाट कानस घ्या, आणि माशीचा माथा नळीच्या तोंडाकडे किंचित उतरता राहील असं घासा. म्हणजे तुमच्याकडची कड सर्वांत उंच आणि तीक्ष्ण राहते, तीच डोळ्याला दिसते. २.१ चा हिशेब निघाला असेल तर पहिल्या दिवशी १.४ वर थांबा आणि पुन्हा दहा गोळ्या मारा. त्यानंतर दरवेळी ०.१ मिलिमीटर, म्हणजे कानशीचे मोजके हात. ०.१ ला गोळी सात मिलिमीटर वर येते. शेवटचे २ सेंटिमीटर मी नेहमी रेंजवरच घासतो, घरी नाही, आणि गोळी किंचित खालीच असताना थांबतो. नळी जुनी होते, पॅच बदलतो, थोडी जागा हाताशी असलेली बरी. चमकलेल्या माथ्याला शेवटी पुन्हा काजळी.

पीप साइटबद्दल. बारीक छिद्रातून पाहिलं की माशी आणि लक्ष्य दोन्ही जास्त स्पष्ट दिसतात, आणि छिद्राच्या मध्यावर माशी आणायचं काम डोळा आपसूक करतो. ५२ व्या वर्षी ती मोठी सोय आहे, नाकारण्यासारखी नाही. पण तुमचा विचार स्पर्धेत उतरायचा असेल तर आधी नियम वाचा. ठासणीच्या स्पर्धांची आंतरराष्ट्रीय संघटना एमएलएआयसी साइट त्या काळच्या मूळ बंदुकीच्या धाटणीची असावी असा आग्रह धरते. त्यांच्या प्रकारांत अर्ध्या तासात १३ बार मारायचे आणि सर्वांत चांगले दहा धरायचे अशी पद्धत आहे, आणि त्यात वर सांगितलेली पुसण्याची शिस्त किती कामी येते ते तेव्हा कळेल. नियम आड येत असतील तर एक मधला उपाय आहे: मागची खाच नळीवर आणखी १०-१२ सेंटिमीटर पुढे बसवून घेणं. डोळ्यापासून लांब गेली की खाचेच्या कडा बऱ्याच स्पष्ट होतात. साइटमधलं अंतर कमी होतं, म्हणजे चूक थोडी मोठी दिसते, तरी ज्याला खाचच दिसत नाही त्याला हा सौदा परवडतो. हे मात्र बंदुकीचं काम जाणणाऱ्या कारागिराकडूनच करून घ्या, नळीत खोबण कोरणं घरचं काम नाही. आणि चष्म्याचा उपाय आधी करून बघितल्याशिवाय त्याच्याकडे जाऊ नका.

पुढच्या खेपेला हे घेऊन या: काजळीनंतरच्या दहा गोळ्यांचा कागद, त्यावर नेम धरलेल्या जागी पेनाने फुली, तुमच्या साइटमधलं अंतर मिलिमीटरमध्ये, आणि गोळा केलेल्या पॅचपैकी चार-पाच उलगडून काढलेला फोटो. पॅच बघितल्यावर गोळीचा आणि कापडाचा आकार मी जास्त नेमका सांगू शकेन.